'मिस्टर टॅम्बरिन मॅन' आणि द बर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनला ऐकणारे, गिटार शिकणारे आणि जुन्या तबकड्या जमवणारे, तिघांकडूनही या एका गाण्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. फक्त क्रमांक आणि तारखा हव्या असतील तर थेट प्रश्न १० आणि ११ वर जा. 'रेकॉर्डवर वाजवलं कोणी' हा वाद घालायला आला असाल तर प्रश्न ७.

१. हे गाणं नेमकं कोणाचं? डिलनचं की बर्ड्सचं?

शब्द आणि चाल बॉब डिलनची. १९६५ च्या उन्हाळ्यात रेडिओवर गाजलं ते मात्र द बर्ड्स या बँडने केलेलं रूप. डिलनचं स्वतःचं ध्वनिमुद्रण १५ जानेवारी १९६५ चं आहे आणि ते २२ मार्च १९६५ ला त्याच्या 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' या अल्बममध्ये आलं. बर्ड्सनी डिलनच्या मुद्रणानंतर पाचच दिवसांनी, २० जानेवारीला, हॉलिवूडमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत आपलं मुद्रण केलं आणि १२ एप्रिलला त्यांची सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली तबकडी, बाजारात आली. दोघंही कोलंबिया कंपनीचेच कलाकार. त्यामुळे 'चोरलं', 'ढापलं' असले शब्द इथे गैरलागू आहेत. गाणं यांच्या हाती कसं आलं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. बर्ड्स म्हणजे कोण कोण?

लॉस एंजेलिसचे पाच जण: जिम मॅग्विन (पुढे रॉजर, पाहा प्रश्न १७), जीन क्लार्क, डेव्हिड क्रॉस्बी, ख्रिस हिलमन आणि मायकल क्लार्क. क्लार्क आडनावाचे दोघे, पण नातं काही नाही. इंग्रजी स्पेलिंगही वेगळं.

पहिले तिघे लोकसंगीताच्या वर्तुळातून आलेले. मॅग्विन शिकागोचा; तिथल्या 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक'मध्ये बँजो-गिटार शिकला, मग चॅड मिचेल ट्रिओसोबत आणि बॉबी डॅरिनकडे वादक होता. जीन क्लार्क 'न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स' या मोठ्या फोक ताफ्यातून बाहेर पडलेला. हिलमन ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकारात मँडोलिन वाजवायचा, त्याच्या हातात बास गिटार दिली गेली. मायकल क्लार्ककडे तर सुरुवातीला ड्रमसेटच नव्हता. तालमीला तो पुठ्ठ्याची खोकी बडवायचा, सोबतीला एक टॅम्बरिन.

३. बँडच्या इंग्रजी नावात (Byrds) 'आय'च्या जागी 'वाय' का?

बीटल्सनी स्पेलिंग बिघडवून नाव कमावलं होतं, तीच युक्ती. शिवाय 'आय' लावून लिहिलं तर ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ 'पोरी' असा होतो, तेही टाळायचं होतं. नाव ठरलं १९६४ च्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरीस. त्याआधी हे स्वतःला 'जेट सेट' म्हणवत होते.

४. ही खरंच त्यांची पहिली रेकॉर्ड का? मी आधीच्या एका रेकॉर्डबद्दल वाचलंय.

बरोबर वाचलंय. ऑक्टोबर १९६४ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने त्यांची 'प्लीज लेट मी लव्ह यू' ही सिंगल काढली होती, पण 'द बीफईटर्स' या नावाने. नाव ब्रिटिश, बाज बीटल्सचा, आणि खप जवळपास शून्य. त्यामुळे 'बर्ड्स या नावाने आलेली पहिली सिंगल' एवढं म्हटलं की वाद मिटतो. कोलंबियाशी करार त्यानंतर, १० नोव्हेंबर १९६४ ला झाला. त्यात जॅझवाल्या माइल्स डेव्हिसने टाकलेल्या शब्दाचा हात होता. तोही कोलंबियाचाच कलाकार, आणि त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं.

५. डिलनचा अल्बम यायच्या आधीच गाणं यांच्या हाती कसं लागलं?

मॅनेजर जिम डिक्सनमुळे. ९ जून १९६४ ला डिलनने हे गाणं रॅम्बलिन जॅक एलियटला सोबत घेऊन एकदा मुद्रित केलं होतं. ते अल्बममध्ये घेतलं गेलं नाही, तसंच पडून राहिलं. त्याची एक नमुना-तबकडी डिक्सनने प्रकाशकाकडून मिळवली आणि पोरांना ऐकवली.

पोरांना ते आवडलं नाही. क्रॉस्बी तर नाकच मुरडत होता. लांबच लांब गाणं, एका गिटारवर गायलेलं, त्यातून एलियटचा आवाज अधूनमधून सुरातून सटकणारा. यात हिट काय दिसणार? (ते मुद्रण २००५ मध्ये डिलनच्या 'बूटलेग सीरिज'च्या सातव्या खंडात प्रसिद्ध झालं. ऐकलंत तर क्रॉस्बीची थोडी बाजू घ्यावीशी वाटेल.) डिक्सन मात्र हटला नाही. शेवटी मॅग्विनने डिलनची दोन-चारची (२/४) लय बदलून ती चार-चारची (४/४) केली, आणि गाण्याला पाय फुटले. वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओतल्या तालमीला स्वतः डिलन येऊन गेला. 'यावर तर नाचता येतं की!' अशा अर्थाचं तो बोलला, ही गोष्ट बँडमधले सगळेच सांगत आले आहेत.

माझ्या मते या सबंध कथेत ज्याचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं आणि ज्याच्याशिवाय काहीच घडलं नसतं तो हा डिक्सन.

६. डिलनच्या गाण्यात चार कडवी आहेत. इथे एकच का?

रेडिओसाठी. १९६५ मध्ये एएम रेडिओवर अडीच-तीन मिनिटांपेक्षा लांब गाणं वाजवून घेणं कठीण होतं आणि डिलनचं गाणं साडेपाच मिनिटांच्या घरातलं. बर्ड्सनी धृपद, मग मूळचं दुसरं कडवं, मग पुन्हा धृपद एवढंच ठेवलं. सगळा कारभार अडीच मिनिटांच्या आत आटोपतो.

डिलनच्या चाहत्यांची यावरची नाराजी मला कळते. उरलेल्या कडव्यांत कवितेचा मोठा ऐवज आहे, शेवटचं कडवं तर विशेष. पण हे एक कडवं निवडण्यात अक्कल होती. यात माणूस सुरुवातीलाच 'मला घेऊन चल' म्हणतो, म्हणजे गाणं कुठेतरी निघतं. पहिलं कडवं निवडलं असतं तर रिकाम्या रस्त्यावरच्या थकव्यात गाणं बसून राहिलं असतं. आणि धृपदाने सुरुवात केल्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच ऐकणाऱ्याच्या तोंडी ओळ येते. तबकडी विकली जायला तेवढं पुरतं.

७. रेकॉर्डवर बर्ड्सनी वाजवलंच नाही म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. वाद्यांपुरतं बघितलं तर पाचांपैकी एकटा मॅग्विन त्या रेकॉर्डवर वाजवतो, त्याची बारा तारांची गिटार. बाकी वादक रोजावरचे, म्हणजे लॉस एंजेलिसमधले सेशनवाले: ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल, दुसऱ्या गिटारवर जेरी कोल आणि इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल. रसेलचा पियानो अंतिम मिश्रणात ऐकूच येत नाही. या मंडळींच्या गोतावळ्याला पुढे 'रेकिंग क्रू' हे नाव चिकटलं.

गायन मात्र पूर्णपणे बर्ड्सचं: मॅग्विन, जीन क्लार्क आणि क्रॉस्बी. मुख्य आवाज मॅग्विनचा. धृपदात तिघांचे आवाज एकत्र येतात तेव्हा वर तरंगणारा बारीक सूर क्रॉस्बीचा. हिलमन आणि मायकल क्लार्क यांचा त्या दिवशी रेकॉर्डला काहीच हातभार लागला नाही.

निर्णय निर्माता टेरी मेल्चरचा. अभिनेत्री डोरिस डेचा हा मुलगा तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता आणि नवख्या बँडच्या वादनावर त्याचा भरवसा नव्हता. कोलंबियाने पैसे लावलेले, स्टुडिओचं घड्याळ चालू. भाडोत्री वादकांनी दोन्ही बाजू तीन तासांच्या एका सत्रात उरकल्या, असं मॅग्विन सांगतो. पुढे बँडने स्वतः वाजवलेल्या 'टर्न! टर्न! टर्न!'ला ७७ टेक लागले, हेही त्याचंच सांगणं. आकडा थोडा फुगवलेला असेल, मुद्दा लक्षात येतो.

'मग हा फसवणुकीचाच प्रकार' असं लिहिणाऱ्यांना एकच सांगणं आहे. आपल्याकडे गायकाच्या नावाने निघालेल्या तबकडीवर वादक कोण होते हे कधी कोणी विचारलं? तेव्हाच्या अमेरिकन पॉपमध्ये ही सरसकट पद्धत होती. प्रश्न पडायला लागला तो नंतर, जेव्हा 'बँड' म्हणजे स्वतःचं वाजवणारे अशी अपेक्षा रूढ झाली.

८. म्हणजे अख्खा पहिला अल्बमच भाड्याच्या वादकांनी वाजवला?

नाही. ही सर्वांत जास्त पसरलेली चूक आहे. भाडोत्री वादक फक्त या सिंगलच्या दोन बाजूंवर आहेत: 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' आणि मागची बाजू, म्हणजे जीन क्लार्कने लिहिलेलं 'आय न्यू आय'ड वाँट यू'. २१ जून १९६५ ला आलेल्या अल्बममधली बाकी सगळी गाणी पाचही जणांनी स्वतः वाजवली आहेत. अल्बम ऐकताना ब्लेनचे ड्रम आणि मायकल क्लार्कचे ड्रम यांतला फरक सहज कळतो. एक घट्ट आणि नेमका, दुसरा जरा सैल.

९. सुरुवातीचा तो किणकिणता गिटारचा आवाज कसा काढला?

वाद्य, हात आणि यंत्र, तिन्ही मिळून.

वाद्य होतं रिकनबॅकरची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार. 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हातात ती पाहून मॅग्विनने तशीच घेतली. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खालच्या चार जोड्यांत एक तार नेहमीच्या सुरात आणि दुसरी एक सप्तक वर, तर वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात. सतारीच्या तरफा आपोआप झंकारतात, इथे मात्र जोडीतल्या दोन्ही तारा नखीने छेडल्या जातात, म्हणून प्रत्येक स्वराला कडा येते.

हात बँजोवाल्याचा. मॅग्विन अंगठा आणि तर्जनीत साधी नखी धरतो आणि पुढच्या दोन बोटांत धातूच्या नख्या घालतो. त्यामुळे स्वर एकामागून एक ओघळत जातात, कॉर्ड एका फटक्यात वाजत नाही. सुरुवातीचा तुकडा जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचा आहे असं तो स्वतः सांगतो.

आणि यंत्र म्हणजे कंप्रेसर. हा मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज उचलतो. मॅग्विनच्या म्हणण्यानुसार मोठ्या आवाजाने सामान बिघडेल या धास्तीने स्टुडिओच्या तंत्रज्ञांनी कंप्रेसर सढळ हाताने लावला. रिकनबॅकरचा स्वर एरवी पटकन विरतो, कंप्रेसरमुळे तो लांबला. घरी तोच आवाज काढू पाहणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. गिटार महागडी असते, कंप्रेसर लावायचा राहतो.

हेडफोन लावून पहिले पाच सेकंद पुन्हा ऐका. गिटारच्या तुकड्यामागून नेक्टेलचा बास घसरत येतो. अर्ध्या लोकांच्या लक्षात राहिलेली सुरुवात खरी त्या बासची आहे.

१०. अमेरिकेत चार्टवर नेमकं काय झालं?

बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या 'हॉट १००' यादीत गाणं मे १९६५ मध्ये शिरलं आणि २६ जूनच्या अंकात पहिल्या क्रमांकावर पोचलं. तिथे एकच आठवडा राहिलं. आदल्या आठवड्यात तिथे फोर टॉप्सचं 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' होतं आणि ३ जुलैला तेच परत वर आलं. त्यानंतर रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिसफॅक्शन' चार आठवडे ठाण मांडून बसलं. मोटाउन (फोर टॉप्सची कंपनी) आणि स्टोन्स यांच्या मधल्या फटीत या गाण्याने आपला आठवडा साधला.

'हॉट १००' तेव्हा दुकानांतली विक्री आणि रेडिओवरचं वाजणं या दोन्हींच्या अहवालांवरून ठरायचं. नुसत्या विक्रीचा हा आकडा नव्हे. किती प्रती खपल्या म्हणून नेटवर फिरणारे गोल आकडे चार्टवरून निघत नाहीत.

मुद्रण आणि प्रकाशन यांच्यामधले जवळजवळ तीन महिने कंपनीने गाणं अडकवून ठेवलं होतं. दरम्यान मार्चमध्ये बँडला सनसेट स्ट्रिपवरच्या 'सिरोज' या क्लबमध्ये रोजचं काम मिळालं. तिथे गर्दी जमू लागली, नट-नट्या नाचायला येऊ लागल्या, २६ मार्चला डिलन त्यांच्यासोबत मंचावर चढला. त्याचा फोटो अल्बमच्या मागच्या बाजूला आहे. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच शहरात हवा झाली होती.

११. आणि ब्रिटनमध्ये?

तिथे २२ जुलै १९६५ पासून दोन आठवडे पहिला क्रमांक. आधी हॉलीजचं 'आय'म अलाइव्ह' होतं, नंतर ५ ऑगस्टला बीटल्सचं 'हेल्प!' आलं. या तारखा 'रेकॉर्ड रिटेलर' साप्ताहिकाच्या यादीनुसार आहेत. आज ब्रिटनचा अधिकृत इतिहास हीच यादी धरतो. तेव्हा इतर साप्ताहिकंही आपापल्या याद्या छापत, त्यामुळे जुन्या कात्रणांत तारीख एखाद्या आठवड्याने मागेपुढे दिसली तर गोंधळू नका.

ऑगस्टमधला ब्रिटनचा दौरा मात्र फसला. 'बीटल्सना अमेरिकेचं उत्तर' अशी जाहिरात झाली होती आणि एवढं ओझं पेलण्याइतका हा बँड मंचावर तयार नव्हता. त्यात लंडनचा 'बर्ड्स' नावाचाच एक बँड ('आय'वाला, पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेला रॉनी वूड त्यात होता) कोर्टाची नोटीस घेऊन हजर.

१२. पहिला क्रमांक अमेरिकेत एकच आठवडा. मग एवढं कौतुक कशाचं?

कारण डिलनने लिहिलेलं हे पहिलं गाणं जे चार्टवर एक नंबरला गेलं. पीटर, पॉल अँड मेरीचं 'ब्लोइंग इन द विंड' १९६३ मध्ये दुसऱ्यावर अडकलं होतं. डिलनची स्वतःची 'लाइक अ रोलिंग स्टोन' (१९६५) आणि 'रेनी डे विमेन' (१९६६) हीसुद्धा 'हॉट १००'वर दुसऱ्यापर्यंतच गेली.

दुसरं कारण, पाठोपाठ आलेली लाट. ऑगस्टमध्ये सॉनी आणि शेर, सप्टेंबरमध्ये बॅरी मॅक्ग्वायर, दोघंही एक नंबरला. सायमन आणि गारफंकलच्या 'साउंड ऑफ सायलेन्स'ची आधीची साधी आवृत्ती पडली होती. निर्माता टॉम विल्सनने जून १९६५ मध्ये तिच्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले, तेही सेशनवाल्यांकडून आणि त्या दोघांना न विचारता. १ जानेवारी १९६६ ला ती एक नंबरवर होती.

१३. मग हे पहिलं फोक-रॉक (लोकसंगीत आणि रॉक यांचं मिश्रण) गाणं म्हणायचं का?

'पहिलं' या शब्दाच्या मागे लागू नका. अ‍ॅनिमल्सनी 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हे पारंपरिक गाणं इलेक्ट्रिक बाजात १९६४ मध्येच ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला नेलं होतं. सर्चर्सच्या गाण्यांत किणकिणती गिटार बर्ड्सच्या आधीची आहे. पण 'फोक-रॉक' हा शब्द अमेरिकन छापील मजकुरात रुळला तो जून १९६५ मध्ये, बिलबोर्डमधून, याच गाण्याच्या घोडदौडीच्या काळात. प्रकार आधीपासून होता, त्याचं बारसं या गाण्याने झालं.

१४. यांच्यामुळेच डिलन इलेक्ट्रिककडे वळला ना?

तारखा तसं सांगत नाहीत. 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम'ची एक अख्खी बाजू इलेक्ट्रिक आहे आणि ती जानेवारी १९६५ च्या मध्यावर मुद्रित झाली, म्हणजे बर्ड्स स्टुडिओत जायच्या आधी. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलनने इलेक्ट्रिक गिटार वाजवली तो गाजलेला प्रसंग २५ जुलैचा. त्याच आठवड्यात बर्ड्स ब्रिटनमध्ये एक नंबरवर होते. बर्ड्सच्या तालमीने डिलनचा हुरूप वाढला असेल, वळण त्याने स्वतःच घेतलं होतं. गंमत अशी की त्याने स्वतः हे गाणं अल्बमच्या साध्या, वाद्यवृंद नसलेल्या बाजूला ठेवलं.

१५. हे गाणं नशेबद्दल आहे का?

डिलनने नाही म्हटलंय. मॅग्विन तर हे गाणं देवाला उद्देशून गायल्यासारखं गायलो असं सांगतो. तेव्हा तो सुबुद या इंडोनेशियातून आलेल्या आध्यात्मिक पंथाकडे ओढला जात होता. कडव्यातल्या 'सफरी'चा दुहेरी अर्थ त्या काळच्या तरुणांनी काढला, हेही तितकंच खरं. निर्गुणी भजनं ऐकून वाढलेल्या आपल्या कानांना मॅग्विनचा अर्थ फारसा अवघड जाऊ नये. नशेच्या संशयाने बर्ड्सचं एक गाणं रेडिओवर अडलं ते वेगळं: १९६६ चं 'एट माइल्स हाय'.

१६. टॅम्बरिनवाला खरंच कोणी होता?

होता. ब्रूस लँगहॉर्न नावाचा वादक. त्याच्याकडे एक भलंमोठं तुर्की चर्मवाद्य होतं, डफासारखं, आतल्या कडेला घुंगरू लावलेलं. ते घेऊन तो एका मुद्रणाला आला आणि ते चित्र डोक्यात राहिलं, असं डिलनने नंतर सांगितलं. डिलनच्या मुद्रणातली दुसरी गिटार याच लँगहॉर्नची. बर्ड्सच्या कार्यक्रमांत टॅम्बरिन वाजवायचं काम जीन क्लार्ककडे असे.

१७. अल्बमवर 'जिम मॅग्विन' छापलंय, सगळीकडे 'रॉजर' का म्हणतात?

माणूस एकच. प्रश्न १५ मध्ये उल्लेख केलेल्या सुबुद पंथात नाव बदलायची प्रथा आहे. १९६७ मध्ये त्याला 'आर'पासून सुरू होणारं नाव घ्यायला सांगितलं गेलं. विमानं आणि यंत्रांचा नाद असल्याने त्याने रॉकेट, रॅमजेट अशी नावं पाठवली. त्यातलं वायरलेसवर उच्चारलं जाणारं 'रॉजर' मंजूर झालं. सुटला बिचारा.

१८. हिट झाल्यावर पैसे कोणाला मिळाले?

गीतकार आणि प्रकाशक यांना, म्हणजे डिलनच्या बाजूला, प्रत्येक तबकडीमागे आणि प्रत्येक प्रसारणामागे. मागच्या बाजूचं गाणं जीन क्लार्कचं असल्याने त्याचाही वाटा निघाला. सिंगल विकली गेली की दोन्ही बाजूंच्या लेखकांना मानधन मिळतं. पुढे त्याची गाणी अल्बममध्ये जास्त असल्याने तो इतरांपेक्षा सुखवस्तू झाला आणि बँडमध्ये त्यावरून धुसफूस झाली.

गाणाऱ्यांचं काय? जुलै २००० मध्ये मॅग्विनने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. दोन एक नंबरी हिट देऊनही करारावेळच्या आगाऊ रकमेपलीकडे आपल्याला काही मिळालं नाही आणि ती रक्कम पाच जणांत वाटल्यावर प्रत्येकी काही हजार डॉलर उरली, असं त्याने तिथे सांगितलं. ज्याच्या गिटारवर आणि आवाजावर गाणं उभं आहे त्याची ही कथा.

१९. हा एका गाण्याचा बँड होता का?

अजिबात नाही, पण दुसऱ्या पावलाला ठेच लागली. पुढची सिंगल 'ऑल आय रिअली वाँट टू डू', तीही डिलनचीच. तेच गाणं त्याच सुमारास गायिका शेरनेही काढलं. अमेरिकेत शेर १५ व्या क्रमांकावर गेली, बर्ड्स ४० वर थांबले. ब्रिटनमध्ये उलट, बर्ड्स ४ आणि शेर ९. तिसरी सिंगल 'टर्न! टर्न! टर्न!', पीट सीगरने बायबलमधल्या ओळींना लावलेली चाल, डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे एक नंबरला होती. ती वाजवली बँडने स्वतः.

२०. बर्ड्सचा रविशंकरांशी संबंध होता म्हणे?

होता, आणि तो त्याच तालमीच्या जागेतून आला. वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओचे मालक रिचर्ड बॉक पंडित रविशंकरांच्या तबकड्या अमेरिकेत काढत असत. क्रॉस्बीला त्या संगीताचं वेड लागलं. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला बीटल्सची गाठ पडली तेव्हा क्रॉस्बी आणि मॅग्विन रविशंकरांबद्दल भरभरून बोलले. हॅरिसनने सतार त्याआधी 'हेल्प!'च्या चित्रीकरणात पाहिली होती, पण रविशंकरांकडे त्याचं लक्ष वळवण्याचं श्रेय बर्ड्सना दिलं जातं. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला तोपर्यंत बर्ड्सचं 'एट माइल्स हाय' येऊन गेलं होतं. रविशंकर आणि जॅझ वादक जॉन कोलट्रेन या दोघांचं ऋण त्या गाण्यात उघड आहे. 'टॅम्बरिन मॅन'मध्ये मात्र भारतीय संगीत शोधत बसू नका.

२१. साध्या सहा तारांच्या गिटारवर वाजवता येईल का?

येईल. बर्ड्सचं गाणं 'डी'मध्ये आहे. डी, जी आणि ए एवढे तीन कॉर्ड आले की बहुतेक गाणं हाताखाली येतं. डिलनसोबत वाजवायचं असेल तर तिसऱ्या पट्टीवर कॅपो लावा, त्याचं 'एफ'मध्ये निघतं. लय बदलण्याचा मुद्दा (प्रश्न ५) विसरू नका. डिलनच्या झुलत्या लयीत बर्ड्सची सुरुवात वाजवली तर दोन्हींचा विचका होतो.

२२. आम्ही याचं कव्हर करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का? गाणं तर साठ वर्षांचं झालं.

इथे दोन वेगळे हक्क आहेत आणि घोळ तिथेच होतो.

पहिला, गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. भारतीय कायद्यात तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. डिलनने आपल्या गाण्यांचे हक्क २०२० मध्ये युनिव्हर्सलला विकले, म्हणून हक्क संपला असं नाही, फक्त धनी बदलला. कव्हरसाठी हाच हक्क लागू होतो. मराठीत भाषांतर करून गायचं म्हणालात तर त्याला वेगळी लेखी परवानगी हवी.

दुसरा, ध्वनिमुद्रणाचा. हा भारतात प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. १९६५ च्या मूळ सिंगलपुरती ती मुदत २०२५ अखेरची. पण नंतर केलेली नवी मिश्रणं वेगळी धरली जाऊ शकतात, आणि यूट्यूब जगभर दिसतं, तिथे इतर देशांच्या मुदती आड येतात. तुमचा व्हिडिओ ओळखणारी यंत्रणा आपल्या कलमांचा विचार करून थांबत नाही. व्यवहारात बहुतेक कव्हरचे व्हिडिओ उतरवले जात नाहीत, जाहिरातींचं उत्पन्न हक्कधारकाकडे वळवलं जातं. पैशाची अपेक्षा नसेल तर टाका. लग्नाच्या व्हिडिओखाली मूळ रेकॉर्ड लावण्याआधी मात्र स्टुडिओवाल्याला हा प्रश्न जरूर दाखवा.